जुन्या हार्ड डिस्कमधल्या फायली काढायच्या आहेत? आधी पूर्ण प्रत घ्या

जुनी हार्ड डिस्क हाती आली की पहिला मोह होतो तो ती जोडून "चालते का बघू" म्हणण्याचा. तो आवरा. वीस-पंचवीस वर्षं बंद पडून असलेली डिस्क सुरू झाली तरी ती किती वेळ साथ देईल हे आधी कळत नाही. त्या वेळात तिच्याकडून एकच काम करून घ्यायचं: पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत जे काही लिहिलेलं आहे त्याची जशीच्या तशी प्रत. फोल्डर उघडणं, फायली शोधणं, दुरुस्ती, व्हायरस काढणं हे सगळं नंतर, त्या प्रतीवर करायचं. मूळ डिस्कवर यातलं काहीही नको.

ठाणे आणि नवी मुंबईत अशा डिस्क अजून पुष्कळ घरांत आणि गाळ्यांत पडून आहेत. नौपाड्यातले डीटीपी करणारे, छोटे छापखाने, दिवाळी अंक काढणारी मंडळं, वाशी-नेरुळच्या सिडको वसाहतींमधल्या सोसायट्या, वागळे इस्टेट आणि तुर्भे-महापे पट्ट्यातले लहान कारखानदार, या सगळ्यांनी नव्वदच्या दशकात ३८६, ४८६ आणि पेंटियमवर काम केलं. ठाणे हे १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणारं गाव आहे, त्यामुळे त्या डिस्कवर हिशेबांइतकाच मजकूरही आहे: कधीच न छापलेल्या कथा, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक, वडिलांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी. यातलं बरंचसं कागदावर उरलेलं नाही. म्हणून हे काम घाईने केलेलं मला बघवत नाही.

वीज देण्याआधी

डिस्क कधी भिजली होती का, हे घरच्यांना विचारा. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरची किती तरी कॉम्प्युटर पाण्याखाली गेली आणि नंतर नुसती पुसून माळ्यावर टाकली गेली. हार्ड डिस्कची पेटी हवाबंद नसते. तिला एक बारीक श्वासछिद्र असतं, आत गाळणी असते, आणि शेजारी बहुतेक वेळा "हे छिद्र झाकू नका" असं छापलेलं असतं. त्यातून पाणी आत गेलेलं असू शकतं. पाण्यात बुडालेल्या डिस्कला घरी वीज देऊच नका, ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्या व्यावसायिकाकडे न्या.

न भिजलेल्या डिस्कलाही आपली हवा सोसत नाही. खाडीकाठच्या पावसाळ्यात एसीच्या खोलीतून डिस्क बाहेर आणली की तिच्यावर दव धरतं. ज्या खोलीत काम करणार त्या खोलीत ती काही तास नुसती पडू द्या. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर सोडून कोरड्या दिवसांत काम करा. "डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, चालेल" हा सल्ला अजून फिरत असतो. दमट हवेत त्याचा अर्थ आतल्या प्लेटवर, म्हणजे मजकूर जिच्यावर लिहिलेला असतो त्या तबकडीवर, पाणी धरणं एवढाच होतो.

आता फोटो काढा. डिस्क कॅबिनेटमध्ये कशी बसवली होती, केबल कुठून कुठे गेली होती, जंपर (पिनांच्या जोडीवर बसवायच्या छोट्या टोप्या) कुठल्या पिनांवर होते, लेबलवर काय छापलंय, सगळं. लेबलवरचे सिलिंडर (प्लेटवरची वर्तुळं), हेड (वाचणारी टोकं) आणि सेक्टरचे आकडे वहीत उतरवून ठेवा, पुढे लागू शकतात. डिस्क कॅबिनेटमधून काढताना मदरबोर्डकडेही नजर टाका: ३८६-४८६ च्या बोर्डांवर निळ्या पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असायची, ती गळून आजूबाजूचा तांब्याचा पट्टा खाऊन टाकते. तिथे हिरवट थर दिसला तर त्या बोर्डला वीज देऊ नका.

डिस्क कुठल्या जातीची?

मागचं सॉकेट बघा.

४० पिना असतील तर ती आयडीई, म्हणजेच पाटा. नव्वदच्या दशकातल्या घरगुती आणि ऑफिसच्या बहुतेक डिस्क याच. या लेखातलं बहुतांश वर्णन त्यांचंच आहे. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ४४ बारीक पिना असतात आणि तिला वीजही त्याच सॉकेटातून मिळते, म्हणून वेगळं कनेक्टर लागतं. ५० पिना असतील तर ती स्कझी, जुन्या मॅकिंटॉशमध्ये किंवा सर्व्हरमध्ये सापडते. तिला स्कझी कार्ड असलेलं जुनं यंत्र लागतं.

एकाऐवजी दोन चपट्या केबल असतील, एक ३४ तारांची आणि एक २० तारांची, तर ती एमएफएम किंवा आरएलएल. सीगेटची २० एमबीची एसटी-२२५ ही त्यातली सगळ्यात ओळखीची. इथे यूएसबी अडॅप्टरचा काहीच उपयोग नाही, कारण अशी डिस्क आणि तिचं कंट्रोलर कार्ड ही जोडी असते. दुसऱ्या कार्डावर ती बहुधा वाचलीच जात नाही. कार्ड फेकू नका, जोडी मोडू नका. नवखे असाल तर इथे थांबून जाणकाराला गाठा. बीगलबोन या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डवर बसणारं, एमएफएम डिस्क थेट वाचणारं एक सर्किट जगभरचे हौशी लोक वापरतात, पण पहिल्याच प्रयोगाला ते घेऊ नये.

सामान

यूएसबी ते आयडीई अडॅप्टर, तोही स्वतःच्या वीजपुरवठ्यासकट. नव्या कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमधून साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट मिळत नाहीत. इमेज, म्हणजे डिस्कची ती पूर्ण प्रत, ठेवायला पुरेशी मोकळी जागा असलेली एक नवी डिस्क. एक पेन ड्राइव्ह, ज्यावर सिस्टमरेस्क्यू नावाची फुकट लिनक्स टाकायची. त्यात पुढे लागणारी साधनं आधीच असतात.

अडॅप्टर ऑनलाइन मिळतो. पण जुनी ४० पिनांची केबल, जंपरच्या टोप्या, चालू स्थितीतला पेंटियम ३ किंवा ४ चा बोर्ड असं काही हवं असेल तर लॅमिंग्टन रोड गाठावा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की चालत जाता येतं. डिस्क सोबत घेऊन जाऊ नका, मघाचे फोटो दाखवा. गर्दीच्या लोकलमध्ये तिला बसणारे धक्के टाळलेले बरे.

पेंटियमचा बोर्ड कशाला, हे सांगतो. साधारण १९९४-९५ च्या आधीच्या कित्येक डिस्कना एलबीए पद्धत (प्रत्येक सेक्टरला एकच अनुक्रमांक) येतच नाही, त्यांना सेक्टरचा पत्ता सिलिंडर-हेड-सेक्टर असाच द्यावा लागतो. बाजारातले बरेचसे यूएसबी अडॅप्टर फक्त एलबीए बोलतात. मग डिस्क छान फिरते, पण कॉम्प्युटरला तिचा आकार शून्य किंवा भलताच दिसतो. डिस्क खराब आहे असं समजून लोक ती टाकून देतात. लेबलवर ५२८ एमबीच्या आतला आकडा असेल तर ही शक्यता आधी धरा. (हा आकडा कुठून आला: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, यांचा गुणाकार. त्या काळच्या बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, याच्या पुढे दिसतच नसे.) अशा वेळी मदरबोर्डवरच आयडीई सॉकेट असलेलं यंत्र घ्यायचं, डिस्क थेट त्याला जोडायची आणि लिनक्स सीडीवरून सुरू करायची.

जोडणी

केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती तार पहिल्या पिनची. डिस्कवर पहिली पिन बहुधा वीजेच्या सॉकेटाच्या बाजूला असते, तरी लेबल किंवा सर्किट बोर्डवर "१" कुठे लिहिलंय ते बघून घ्या. नव्या केबलमध्ये २० वं भोक बुजवलेलं असतं आणि काही जुन्या डिस्कवर २० वी पिन असते. बसत नाही म्हणून दाबलंत तर पिन वाकते. अशा डिस्कला सगळी भोकं उघडी असलेली जुनी केबल शोधा.

जंपर मास्टरवर (एका केबलवरच्या दोन डिस्कमधली पहिली) ठेवा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर "सिंगल" आणि "मास्टर" या दोन वेगळ्या मांडण्या असतात. डिस्क एकटीच जोडणार असाल तर सिंगल, नाहीतर ती नसलेल्या जोडीदाराची वाट बघत बसते.

वीजेच्या चार पिनांच्या प्लगमध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. प्लगचे दोन कोपरे कापलेले असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. स्वस्त अडॅप्टरचा मऊ प्लास्टिकचा प्लग जोर लावला तर उलटाही बसतो, आणि मग ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊन सर्किट जळतं. जुन्या कॅबिनेटमधलाच एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, वापरायचा असेल तर आधी मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. सगळी जोडणी वीज बंद असताना करा, चालू असताना प्लग काढणं-घालणं पूर्ण वर्ज्य.

डिस्क सपाट, कॅबिनेटमध्ये होती त्याच बाजूने ठेवा. खाली लाकूड किंवा कोरडा पुठ्ठा. जवळ छोटा पंखा असेल तर उत्तम.

कान देऊन ऐका

वीज दिली की पहिला अर्धा मिनिट दुसरं काहीही करू नका. चांगली डिस्क चढत्या आवाजात फिरायला लागते, हेड जागा घेताना एक-दोन टकटक होतात आणि मग एकसुरी घरघर राहते.

ठरावीक अंतराने टक, टक, टक चालूच राहिलं तर हेड खराब आहे किंवा त्याला वाचता येत नाहीये. ताबडतोब वीज काढा. खरवडल्यासारखा आवाज आला तर त्याहून लवकर काढा. या दोन्ही वेळी प्रत्येक सेकंदाला प्लेटवरचा थर जात असू शकतो.

काहीच आवाज नसेल तर आधी प्लग आणि व्होल्ट तपासा. तेही ठीक असतील तर हेड प्लेटला चिकटलेलं असण्याची शक्यता आहे, वर्षानुवर्षं स्थिर राहिलेल्या जुन्या डिस्कमध्ये हे होतं. वीज काढून, डिस्क आडवी हातात धरून, तिच्या आसाभोवती मनगटाने एकदा झटका देणं हा जुना उपाय आहे. तो कधीकधी चालतो आणि कधीकधी हेड तोडतो. आतला मजकूर खरंच हवा असेल तर करू नका. फिरते पण ओळखली जात नाही, असंही होतं. क्वांटम कंपनीच्या त्या काळच्या काही डिस्कमध्ये हेडला अडवणारे आतले रबराचे तुकडे वितळून चिकट होतात आणि हेड तिथेच रुतून बसतं. त्याला झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडणं हे घरचं काम नाही.

व्यावसायिकाकडे जायची वेळ आली तर जाताना एवढं विचारा: आधी पूर्ण इमेज घेता का, मूळ डिस्कवर काही लिहिता का, आणि इमेज मला देता का. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला "हो" आणि दुसऱ्याला "नाही" अशी स्पष्ट उत्तरं मिळाली नाहीत तर डिस्क परत घेऊन या.

प्रत घेणं

हे विंडोजवर करू नका. विंडोजला ओळखीची फाइल सिस्टम (फायली डिस्कवर मांडायची पद्धत) दिसली की ते स्वतःचे लपलेले फोल्डर तयार करतं, ओळखीची दिसली नाही की फॉरमॅट करू का विचारतं, आणि अर्धवट ओळखीची दिसली की दुरुस्तीचा प्रस्ताव ठेवतं. तिन्ही आपल्याला नकोत. सिस्टमरेस्क्यूच्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, काम करा. रोजच्या वापराची डेस्कटॉपवाली लिनक्स घेणार असाल तर डिस्क आपोआप माउंट होण्याची (वापरासाठी उघडली जाण्याची) सोय आधी बंद करा.

आधी जोडलेल्या डिस्कची यादी बघा. त्यासाठीची आज्ञा एलएसबीएलके. कुठली डिस्क कुठली, हे नावावरून ठरवू नका, आकारावरून ठरवा: १.२ जीबीची जुनी आणि १ टीबीची नवी यांत गोंधळ होत नाही. दोन्हींची नावं कागदावर लिहा.

प्रतीसाठी साधन एकच सांगतो, जीएनयू डीडीरेस्क्यू. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडकून बसते आणि तेवढ्यात डिस्क दमते. डीडीरेस्क्यू उलट करतं: सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडचणीच्या जागा सोडून पुढे जातं आणि मग त्यांच्याकडे परत येतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवत जातं. महावितरणची वीज मध्येच गेली किंवा डिस्क तापली म्हणून तुम्ही थांबलात, तरी पुन्हा तीच आज्ञा दिली की राहिलेल्या जागेपासून काम पुढे सुरू होतं. मॅप फाइल दिली नाही तर हा सगळा फायदा जातो, म्हणून ती कधीही वगळू नका. मॅप आणि इमेज दोन्ही नव्या डिस्कवर ठेवा. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या तात्पुरत्या जागेत ठेवल्यात तर कॉम्प्युटर बंद होताच त्या जातील.

आज्ञेत तीन नावं द्यायची, याच क्रमाने: कुठून वाचायचं, इमेज कुठे लिहायची, मॅप कुठे ठेवायचा. क्रम उलटला तर जुन्या डिस्कवरच लिहिलं जाईल अशी भीती असते. डीडीरेस्क्यू डिस्कवर थेट लिहायला सक्तीचा पर्याय मागतं, तो दिला नाही तर नकार देतं. तुम्हाला फाइलमध्ये लिहायचं आहे, त्यामुळे त्या पर्यायाची गरज कधीच पडत नाही. कुठे वाचून तो जोडू नका.

पहिली फेरी "एन" हा पर्याय लावून घ्या. त्याने खराब जागा खरवडत बसणं टळतं आणि निरोगी भाग आधी हाती येतो. चांगल्या स्थितीतली एक-दोन जीबीची डिस्क यात फार वेळ घेत नाही. मॅपमध्ये काही राहिलंच नसेल तर वीज काढा, डिस्कचं काम संपलं. काही राहिलं असेल तर डिस्क थंड होऊ द्या आणि दुसरी फेरी घ्या, या वेळी "एन" काढून "डी" लावा, म्हणजे वाचन मधल्या कॅशेतून (तात्पुरत्या साठ्यातून) न होता थेट होतं, आणि "आर" सोबत ३ द्या, म्हणजे खराब सेक्टरवर तीनदा प्रयत्न. त्यानंतरही तुकडे राहिले तर उलट्या दिशेने वाचण्याचा पर्याय आहे, त्याने कडेचे काही सेक्टर निघतात. शंभर टक्क्यांचा हट्ट मात्र धरू नका. राहिलेले सेक्टर रिकाम्या जागेतले असू शकतात, आणि त्यांच्यासाठी डिस्क रात्रभर घासणं परवडणारं नसतं.

इमेज झाली की तिचा एसएचए-२५६ (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तपासणी-आकडा) काढून लिहून ठेवा, तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करा आणि पहिली फक्त वाचण्यापुरती करून बाजूला ठेवा. यापुढे काम दुसरीवर.

प्रतीतून फायली

सगळ्यात सोपा मार्ग सेव्हन-झिप. आता विंडोज चालेल. इमेज सेव्हन-झिपने उघडा, आत पार्टिशन (डिस्कचा विभाग) दिसेल, पार्टिशनच्या आत फॅट या डॉसच्या फाइल सिस्टमचे फोल्डर दिसतील, ते सगळेच्या सगळे बाहेर काढा. निवडून काढू नका. नावं आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं शेपूट अशी असतील, त्यांवरून आत काय आहे याचा अंदाज येत नाही. तारखा जपल्या जातायत ना बघा. १ जानेवारी १९८० च्या आसपासच्या तारखा दिसल्या तर दचकू नका, बॅटरी संपलेल्या यंत्रात डॉसचं घड्याळ तिथूनच सुरू व्हायचं.

पार्टिशनच दिसत नसेल तर टेस्टडिस्क वापरा, इमेजच्या कामाच्या प्रतीवर. पुसलेल्या फायलीही पुष्कळदा मिळतात, कारण फॅटमध्ये फाइल पुसताना तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जातं आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, मजकूर तिथेच राहतो. फाइल सिस्टम पूर्ण कोसळली असेल तर फोटोरेक. ते फायलींच्या प्रकारांच्या ठरावीक खुणा ओळखून त्या बाहेर काढतं, पण नावं आणि फोल्डर दोन्ही जातात, म्हणून तो शेवटचा उपाय.

डिस्क जवळजवळ रिकामी दिसते आणि आत एकच अवाढव्य लपलेली फाइल आहे, नाव डीबीएलस्पेस किंवा डीआरव्हीस्पेस, असं झालं तर ती फाइल हीच खरी डिस्क. एमएस-डॉस ६ सोबत १९९३ मध्ये डबलस्पेस आलं, पुढे ६.२२ मध्ये ड्राइव्हस्पेस. जागा वाचवायला अनेकांनी ते वापरलं. ८६बॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) इमेजची प्रत जोडून तेच डॉस सुरू केलं की आतलं सगळं दिसतं.

व्हायरसबद्दल थोडं. मूळ डिस्क "साफ" करायला जाऊ नका असं मी सुरुवातीला म्हटलं, त्यामागे वनहाफसारखी उदाहरणं आहेत. १९९४ च्या सुमाराचा हा व्हायरस कॉम्प्युटर सुरू होईल तेव्हा डिस्कचा थोडा थोडा भाग शेवटाकडून कूटबद्ध करत यायचा, आणि तो असेपर्यंत सगळं नीट दिसायचं. बूट सेक्टर (कॉम्प्युटर सुरू होताना वाचला जाणारा पहिला सेक्टर) पुसून व्हायरस घालवला की तो भाग उलगडायची किल्लीही गेली. तुमच्याकडे पूर्ण इमेज असेल तर किल्ली त्यात आहेच. आपल्याकडच्या जुन्या डिस्कवर जोशी व्हायरसही भेटू शकतो. १९९० मध्ये भारतात आढळलेला हा व्हायरस ५ जानेवारीला यंत्र अडवून "हॅपी बर्थडे जोशी" टाइप करायला लावायचा. एम्युलेटरमध्ये ते झालं तर घाबरायचं कारण नाही, एम्युलेटरचं घड्याळ बदला.

फाइल उघडली, पण मराठी दिसत नाही

इंग्रजी फायलींचं काम इथे संपतं. लिब्रेऑफिस जुन्या डीबेसच्या, लोटस १-२-३ च्या, कोरलड्रॉच्या आणि पेजमेकर ६ व ७ च्या फायली उघडतं, सोसायटीचे हिशेब त्यात सहज दिसतात. मराठी मजकुराचं खरं काम मात्र इथे सुरू होतं, आणि बहुतेक लोक इथेच हार मानून फाइल बिघडली असं ठरवतात.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना आज वापरली जाणारी एकच कोडपद्धत, रुळण्याआधी मराठी दोन प्रकारे साठवली जायची. पहिला प्रकार डॉसचा: सी-डॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवायचं आणि वर्डस्टार, डीबेस अशा इंग्रजी प्रोग्रॅममध्येच मराठी टाइप करायचं. त्याचं प्रमाण म्हणजे इस्की, आयएस १३१९४:१९९१. यात इंग्रजी अक्षरं जागच्या जागी राहतात आणि देवनागरी १६१ च्या पुढच्या कोडांत बसते. नोटपॅडमध्ये अशी फाइल उघडलीत तर इंग्रजी शब्द वाचता येतात आणि मराठीच्या जागी डोक्यावर चिन्हं असलेली युरोपीय अक्षरं दाटीवाटीने दिसतात. ही ओळख पटली तर आनंद माना, कारण इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात आणि युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीवरूनच आखला गेला. रूपांतर जवळजवळ निर्दोष होतं. विंडोजच्या कोडपेजांत इस्की देवनागरीचा क्रमांक ५७००२ आहे, आयसीयू या युनिकोडच्या प्रोग्रॅम-संचातल्या युकॉन्व्ह या साधनालाही ती येते.

इथे एक धोका आहे. जुना वर्डस्टार इंग्रजी मजकुरात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट (अक्षराच्या कोडातला साध्या इंग्रजीला न लागणारा शेवटचा अंक) चालू करून ठेवायचा, म्हणून त्याची फाइल उघडली की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं. त्यावर आठवा बिट काढून टाकणारी साधनं मिळतात, इंग्रजीसाठी ती ठीक आहेत. पण इस्कीची सगळी देवनागरी त्या आठव्या बिटावरच उभी आहे. असं साधन मराठी फाइलवर चालवलंत तर मजकूर परत न येण्यासारखा जातो. आधी फाइल कुठली ते ओळखा, आणि प्रयोग नेहमी प्रतीवर.

दुसरा प्रकार विंडोजचा, आणि तो जास्त सापडतो: श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्ही-टीटी योगेशसारखे फॉन्ट, शिवाजी, किरण. यात फाइलमध्ये मराठी नसतेच. रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवतो: काना, अर्धा क, रफार, वेलांटी, सगळं सुटं. फॉन्ट नसेल तर समोर अर्थ नसलेली रोमन अक्षरं येतात. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, काहींच्या तर एकाच नावाखाली दोन-तीन मांडण्या.

म्हणून डिस्कवरून फायली काढताना फॉन्टही काढा. विंडोज ९५ पासून ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, विंडोज ३.१ मध्ये सिस्टम फोल्डरमध्ये. ज्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप झाला तो नेमका फॉन्ट बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो. इतरत्र त्याच नावाचा फॉन्ट मिळाला तरी मांडणी तीच असेल याची हमी नसते. कुठला फॉन्ट हवा हे कळायला वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडा, मजकुरावर कर्सर ठेवा: वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसतं, तो बसवलेला नसेल तर तिरक्या अक्षरांत. डीटीपी सॉफ्टवेअरबद्दलही घरात विचारून ठेवा, कारण त्यातली काही प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय सुरू होत नसत. जुन्या खोक्यात तो छोटा ठोकळा सापडला तर जपा.

फॉन्ट बसवून मजकूर वाचता आला की लगेच पीडीएफ काढा. ही तुमची पडताळणीची प्रत. फाइल नव्या वर्डमध्ये उघडून तशीच सेव्ह करू नका. आपोआप होणाऱ्या सुधारणा, वळणदार अवतरणचिन्हं, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं, यांतला प्रत्येक बदल इथे देवनागरीचा एक तुकडा बदलतो.

मग युनिकोडमध्ये रूपांतर. त्या-त्या फॉन्टचे कन्व्हर्टर मिळतात. खाजगी पत्रं किंवा सभासदांची यादी असेल तर कॉम्प्युटरवरच चालणारा कन्व्हर्टर घ्या, कुठल्याही साइटवर चढवू नका. आणि निकाल पीडीएफशी ताडून बघा. चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफार उलट, जुन्यात अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरावर दोन्ही एकत्र आले की कन्व्हर्टर अडखळतो. "निर्मिती", "विद्यार्थ्यांची", "आर्थिक", "कर्तृत्व", "पुनर्विचार" असे शब्द शोधून तपासा. मराठीतला ऱ्या आणि ऱ्ह, म्हणजे "दुसऱ्या", "तऱ्हा", हे तर हमखास बिघडतात. ळ आणि ॲ यांच्यावरही लक्ष ठेवा. कन्व्हर्टर हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेला असेल तर मार तिथेच बसतो. दोन-तीन पानं हाताने तपासलीत की चुकांचा साचा कळतो आणि उरलेलं शोधा-बदला करून निघतं.

मूळ फाइल, फॉन्ट, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर हे चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सोबत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा: डिस्क कुणाची, कुठलं मॉडेल, इमेज कधी घेतली, किती सेक्टर वाचले गेले नाहीत, मजकूर कुठल्या फॉन्टमधला.

जुना कॉम्प्युटर पुन्हा चालवायचा असेल तर

त्याला मूळ डिस्क परत लावू नका. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं आणि साध्या अडॅप्टरवर ४० पिनांच्या केबलला जोडता येतं. इमेज त्या कार्डावर लिहा. बायोसमध्ये सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरावे लागले तर वहीत उतरवलेले आकडे आता कामाला येतील. आकडे जुळले नाहीत तर फायलींची नावं चिन्हांचा कचरा होऊन दिसतात. अशा वेळी लगेच यंत्र बंद करा, त्या स्थितीत काही लिहिलं गेलं तर कार्डावरची प्रत बिघडते. ती पुन्हा लिहिता येईल, वेळ तेवढा जातो.

मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, सपाट ठेवा. मजकूर तपासून पूर्ण होईपर्यंत ती कुणालाही देऊ नका. भंगारात तर मुळीच नको, त्यावर सभासदांचे पत्ते, ग्राहकांचे हिशेब असतात. तुम्हीच भंगारातून डिस्क विकत घेतली असेल तर इतरांचा असा जो मजकूर सापडेल तो पसरवू नका, मालकाचा पत्ता लागला तर इमेज त्याला द्या. डिस्क खरंच टाकायची वेळ आली तर आतला मजकूर पुसून किंवा प्लेट मोडून, अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्या. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते.